लंडन ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग आकडे इतके का?

सदाशंकी (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री १०:४२

मेहुणा परवा लंडनहून न्यूयॉर्कला गेला. रविवारी परत निघेल. बायको आणि सासूबाई विमान दाखवणारं ॲप उघडून बसल्या होत्या. त्यांच्या मागे उभा राहून मीही बघायला लागलो आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय तो निघत नाही. इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारतो. हसू नका.

पहिलं म्हणजे अंतर किती? एका साइटवर ५,५७० किमी, दुसरीवर ५,५४०. तिसरीवर ३,४४० मैल आणि चौथीवर २,९९० मैल. मैलांचे किलोमीटर करून पाहिले. ३,४४० चं जमतं, पण २,९९० चे जेमतेम ४,८०० होतात. मधले सातशे किलोमीटर गेले कुठे?

दुसरं, विमान सरळ का जात नाही? नकाशावर न्यूयॉर्क लंडनच्या डावीकडे आणि चांगलंच खाली आहे. हे विमान मात्र आयर्लंड ओलांडून वरवरच चढत गेलं, थेट ग्रीनलंडच्या शेपटीकडे. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हा रस्ता चुकला तर नाही ना?" मी नाही म्हणालो, पण छातीठोकपणे नाही.

तिसरं, वेळ. वेळापत्रकात जायला ८ तास १५ मिनिटं, यायला ७ तास ५ मिनिटं. विमान त्याच जातीचं. अंतराच्या साइटवर मात्र दोन्हीकडून 'प्रवासाचा वेळ ७ तास' असं ठोकून दिलंय. आणि ॲपवर जातानाचा हवेतला वेळ दिसला ७ तास २४ मिनिटं. यातला खरा कुठला धरायचा?

---

खुसपट · शुक्रवार, रात्री ११:०५

सातशे किलोमीटर कुठेही गेले नाहीत. तुम्ही मैलात गंडलात.

३,४४० हे आपले नेहमीचे मैल, १.६०९ किलोमीटरवाले. २,९९० हे सागरी मैल, म्हणजे नॉटिकल. एक नॉटिकल मैल १.८५२ किमी. करा गुणाकार, ५,५४० च्या आसपास येईल. विमानवाले आणि जहाजवाले दोघेही नॉटिकलमध्येच बोलतात. साइटवाल्याने नुसतं 'मैल' लिहून सोडून दिलं असेल तर त्याचे कान धरा.

नॉटिकल मैल उगाच काढलेला नाही. पृथ्वीच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग साधारण एक नॉटिकल मैल. नकाशावर अंश मोजले की अंतर हाताशी.

---

गोलमटोल · शुक्रवार, रात्री ११:५०

भूमिती शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हा धागा बघून राहवत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण आधी घरात पृथ्वीगोल असेल तर घ्या. नसेल तर शेजारच्या पोराचा मागून आणा. आणि एक दोरा.

दोऱ्याचं एक टोक लंडनवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. सैल ठेवू नका, ताणा. तो आपोआप सरकून जिथे बसेल तो सगळ्यात जवळचा रस्ता. आता बघा, दोरा आयर्लंडवरून जातोय आणि आधी थोडा उत्तरेलाच चढतोय. लंडन ५१.५ अंशावर, दोरा जवळपास ५४ अंशापर्यंत जातो आणि मग न्यूयॉर्ककडे उतरतो. म्हणजे विमान वाकडं गेलंच नाही. वाकडा आहे तो तुमचा नकाशा.

मोबाइलवर जो नकाशा दिसतो तो मर्केटर पद्धतीचा, १५६९ सालचा. खलाशांना होकायंत्राची दिशा न बदलता जाता यावं म्हणून तो केला. त्या कामाला उत्तम. पण गोलाची साल काढून सपाट पसरायची तर वरचा आणि खालचा भाग ताणावाच लागतो. विमानात नव्हे, पण वर्गात मी नेहमी हेल्सिंकी आणि अँकरेज घ्यायचो. दोन्ही साठ-एकसष्ट अंश उत्तरेला, म्हणजे नकाशावर एकाच आडव्या रेषेत, एक फिनलंडमध्ये, एक अलास्कात. त्या आडव्या रेषेवरून गेलात तर ९,५०० किमी. दोरा ताणलात तर तो उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो आणि भरतो ६,५०० किमी. तीन हजार किलोमीटर वाचले, नुसता दोरा ताणून!

आता ज्यांना हिशोब हवा त्यांच्यासाठी. लंडन ५१.५ उत्तर, ०.१ पश्चिम. न्यूयॉर्क ४०.७ उत्तर, ७४ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.९ अंश. दोन अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.५१०. दोन अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार ०.४७२, त्याला ७३.९ च्या कोसाइनने गुणलं की ०.१३१. दोन्हींची बेरीज ०.६४१. हा ज्या कोनाचा कोसाइन, तो कोन ५०.१ अंश. पृथ्वीच्या पोटातून बघितलं तर दोन शहरांमध्ये एवढा कोन आहे. एका अंशाला १११.२ किमी. गुणा. ५,५७० आले की नाही?

---

सदाशंकी · शनिवार, सकाळी ७:२०

सर, दंडवत. पृथ्वीगोल नव्हता, मुलाच्या फुटबॉलवर स्केचपेनने ठिपके काढून दोरा ताणला. जमलं. मुलगा मात्र चिडलाय.

पण मग ५,५४० कुठून आले?

---

खुसपट · शनिवार, सकाळी ७:५५

सरांनी शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं. विमान शहराच्या मध्यात उतरत नाही. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला, जेएफके न्यूयॉर्कच्या पूर्वेच्या अंगाला. दोन्ही विमानतळ एकमेकांकडे तोंड करून बसलेत, म्हणून तीसेक किलोमीटर कमी. ज्या साइटवर ५,५४० आहे तिने विमानतळ ते विमानतळ मोजलंय.

बारीक खुसपट आणखी एक, माझ्या नावाला जागून. सरांनी पृथ्वी चेंडूसारखी गोल धरली. ती विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे. तिथे त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवापाशी ६,३५७. त्यामुळे नेमकं मोजायला बसलं तर उत्तर अर्ध्या टक्क्यापर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, म्हणजे थोड्या मोठ्या गोलावरून. त्याने लंडन–न्यूयॉर्कमध्ये दहाएक किलोमीटर वाढतात. अंतरात एवढंच. वेळेत घोळ आहे तो वेगळा, त्याला माझा हात लागत नाही.

---

उंटावरचा शहाणा · शनिवार, सकाळी ९:३०

वेळेचं उत्तर सोपं आहे की. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत असताना खाली पृथ्वी सरकते. त्यामुळे एका दिशेला जास्त वेळ, दुसऱ्या दिशेला कमी. शाळेत शिकलोय.

---

गोलमटोल · शनिवार, सकाळी ९:४८

कुठल्या शाळेत? माझ्या तर नव्हे ना?

बाबा रे, तुझ्या म्हणण्याप्रमाणे पश्चिमेकडून पुढे येणारी जागा पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला लवकर मिळायला हवी. प्रत्यक्षात न्यूयॉर्कला जायलाच जास्त वेळ लागतो. म्हणजे तुझं उत्तर उलटं आलं!

लंडनच्या अक्षांशावर जमीन ताशी १,०४० किमी वेगाने पूर्वेला पळतेय. धावपट्टीवर उभं असलेलं विमानही तिच्याबरोबर तेवढ्याच वेगाने पळतंय, आणि भोवतीची हवाही. उडलं म्हणून ते मागे सुटत नाही. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडी मारलीस तर मागच्या डब्यात पडतोस का?

---

ढगांच्यावर · शनिवार, दुपारी १:१५

हा धागा म्हणजे आमचं रोजचं काम, म्हणून लिहितो. मी एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचला आहे. कंपनी कुठली ते विचारू नका. विमान कुठल्या रस्त्याने न्यायचं, किती उंचीवरून, किती इंधन घ्यायचं, हा कागद पायलटच्या हातात जातो तो आम्ही बनवतो.

उंटावरच्या शहाण्यांची पूर्ण टर उडवू नका. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण आडून. फिरत्या पृथ्वीवर गरम हवा उत्तरेकडे सरकते तेव्हा ती वळते आणि नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याचा एक पट्टा तयार होतो. तोच जेट स्ट्रीम. काहीशे किलोमीटर रुंद, आणि मध्यावर वेग कधीकधी ताशी ३०० किमीच्या वर. नेमकी हीच आमची उडायची उंची. हिवाळ्यात ध्रुवाकडची आणि विषुववृत्ताकडची हवा यांच्या तापमानात फरक वाढतो तसा या पट्ट्याचा जोर चढत जातो. १९२०च्या दशकात जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हा वारा मोजला आणि १९२६ साली अहवाल छापला तो एस्परांतो या साऱ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत. जगाला कळावं म्हणून. त्यामुळे जगात कुणी वाचलाच नाही.

आता तुमच्या मेहुण्याचं विमान. समजा हवेत त्याचा वेग ताशी ९०० किमी. वारा नसेल तर ५,५४० किमीला ६ तास ९ मिनिटं. सरासरी शंभरचा वारा पाठीशी असेल तर जमिनीवरून बघणाऱ्याला वेग दिसतो १,०००, लागतात ५ तास ३२ मिनिटं. समोरून असेल तर ८०० आणि ६ तास ५५ मिनिटं.

आमच्या कागदावर दोन अंतरं असतात. एक जमिनीवरचं आणि एक हवेतलं. जमिनीवरचं दोन्हीकडून सारखंच. हवेतलं म्हणजे विमानाने खरोखर किती हवा कापली ते. वरच्याच हिशोबात लंडनला येताना विमान ४,९९० किमी हवा कापतं आणि न्यूयॉर्कला जाताना ६,२३० किमी. इंधन जळतं ते या हवेतल्या अंतरावर. त्यामुळे आमच्या खोलीत कुणी 'न्यूयॉर्क किती लांब' असं विचारत नाही. 'आज विंड किती' असं विचारतात आणि उत्तर येतं 'मायनस पन्नास', म्हणजे सरासरी पन्नास नॉट (ताशी पन्नास नॉटिकल मैल) समोरून. सासूबाईंना सांगा, विमानाच्या दृष्टीने न्यूयॉर्क लंडनपासून जास्त लांब आहे आणि लंडन न्यूयॉर्कपासून जवळ. रोज थोडं वेगळं.

आणि रस्ता चुकला नव्हता. सरांचा दोरा बरोबर आहे, पण त्याच्याही वर चढला असेल तर तो आमच्यासारख्या कुणीतरी मुद्दाम चढवला. जाताना जेट स्ट्रीम चुकवायचा असतो. दोनशे किलोमीटरचा वळसा घेऊन समोरचा वारा निम्मा झाला तर तो वळसा फायद्याचा. येताना उलटं, मुद्दाम त्या पट्ट्यात शिरायचं. उत्तर अटलांटिकवर यासाठी समुद्रावरचे मार्ग रोज दोनदा नव्याने आखतात. दिवसा अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे, रात्री युरोपकडे येणाऱ्यांसाठी वेगळे. कालचा रस्ता आज नसतो.

---

भिरभिरं · शनिवार, दुपारी २:०२

म्हणजे जाऊन-येऊन हिशोब सारखाच ना? जाताना गेलं ते येताना मिळालं.

---

ढगांच्यावर · शनिवार, दुपारी २:४०

नाही हो. वरचेच आकडे घ्या. वारा नसताना जाऊन-येऊन १२ तास १९ मिनिटं. वारा असताना १२ तास २८ मिनिटं. नऊ मिनिटं खिशातून जातात, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ काढता आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी. नेहमी तोटाच, वारा कुठल्याही दिशेचा असो.

गंमत म्हणून सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी जेट स्ट्रीम पाठीशी घेऊन एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं. जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,३०० किमीच्या वर. लोक म्हणाले ध्वनीचा वेग मोडला. मोडला नव्हता, भोवतीच्या हवेत विमान नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. हवाच पळत होती.

कॉन्कर्ड हे प्रवासी विमान मात्र खरोखर मोडायचं. ७ फेब्रुवारी १९९६ ला न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद. आता ते नाही.

---

वाटसरू · शनिवार, सायंकाळी ५:१०

डिस्पॅचवाल्या साहेबांचा प्रतिसाद वाचून एक बातमी आठवली. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान नेहमीच्या अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किमी, म्हणजे जुन्या रस्त्यापेक्षा १,४०० किमी जास्त. आणि पोहोचलं साडेचौदा तासांत, दोनेक तास लवकर! कारण पूर्वेकडून गेलं की सगळा वारा पाठीशी. तेव्हा बातमी वाचताना छापण्यात चूक झाली असं वाटलं होतं.

दुसरं टोक स्कॉटलंडमध्ये. ऑर्कनी बेटांपैकी वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं विमान. अंतर २.७ किमी. वेळापत्रकात २ मिनिटं, आणि वारा बरा असला की त्याहून कमी. विक्रम आहे ५३ सेकंदांचा. तिथे पट्टा बांधून होईपर्यंत सोडायची वेळ येत असेल.

---

रातराणी · शनिवार, रात्री ९:३३

तुमचं वारं-बिरं ठीक आहे. माझं दुखणं साधं आहे. विमानाचा वेळ मला कळतो, तारीख कळत नाही.

मागच्या वर्षी आत्या यायची होती. तिने तिकिटाचा फोटो पाठवला. पोहोचायची वेळ ००:४०, तारीख १४. मी फ्रिजवर चिठ्ठी लावली, '१४ ला रात्री आत्या'. तेराच्या रात्री आम्ही दोघं जेवून, भांडी घासून, गाढ झोपलो. दीड वाजता फोन. आत्याचा आवाज एकदम शांत. "काही नाही गं, विचारलं. तुम्ही कुठल्या दाराशी उभ्या आहात?" ती शांत होती म्हणून जास्त लाज वाटली. पोहोचेपर्यंत तीन वाजले. बॅगांवर पाय ठेवून बसली होती आणि शेजारच्या बाईंशी चांगली ओळख झाली होती.

तिकिटावर वेळेच्या बाजूला इतकंसं '+१' होतं. ते मी सीट नंबरचा भाग समजले.

---

खुसपट · शनिवार, रात्री १०:०१

रातराणी ताई, '+१' म्हणजे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोहोचणार. आणि तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. त्यामुळे पोहोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा करून 'प्रवास इतका' म्हणणारे सगळे फसतात. लंडनहून दुपारी ४ ला निघून न्यूयॉर्कला संध्याकाळी ७:१५ ला पोहोचलं तर प्रवास सव्वातीन तासांचा नव्हे, सव्वाआठ तासांचा. मधले पाच तास घड्याळाचे.

त्यातही मेख आहे. ते पाच तास वर्षभर पाच नसतात. उन्हाळ्यासाठी अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे करतात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा. शरद ऋतूत पुन्हा एक आठवडा तसाच. या दिवसांत पुढचं विमान पकडायचं असेल तर जुन्या वेळा पाठ असणाऱ्यांनी जास्त जपावं.

---

वाटसरू · शनिवार, रात्री १०:२०

कॉन्कर्ड लंडनहून सकाळी साडेदहाला निघून न्यूयॉर्कला त्याच दिवशी साडेनऊच्या आत पोहोचायचं. निघायच्या आधीच पोहोचलात!

आणि सामोआ. २०११ च्या अखेरीस त्या देशाने वाररेषेची बाजू बदलली, ३० डिसेंबर हा दिवस त्यांच्याकडे उगवलाच नाही. शेजारचं अमेरिकन सामोआ जुन्याच बाजूला राहिलं. दोन्हींमध्ये विमानाचा प्रवास अर्ध्यापाऊण तासाचा, पण पूर्वेला गेलात की कालच्या तारखेला उतरता. रातराणी, तुमच्या आत्याला तिकडे पाठवू नका.

---

सदाशंकी · रविवार, सकाळी ८:०५

सगळ्यांचे आभार. आता एकच गाठ राहिली. ॲपवर हवेतला वेळ ७:२४, वेळापत्रकात ८:१५, साइटवर ७:००. डिस्पॅचसाहेब, ही पन्नास मिनिटं कुठली?

---

ढगांच्यावर · रविवार, सकाळी ११:२५

साइटचं आधी संपवतो. तिने अंतराला ८५० ने भागलं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवला. ५,५४० भागिले ८५०, साडेसहा, अधिक अर्धा, सात. झालं. वारा शून्य, रांग शून्य. नवीन गावाचा अंदाज घ्यायला ठीक आहे, एखाद्या तासाच्या चुकीची तयारी ठेवून.

वेळापत्रकातला वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. विमान गेटवर असतं तेव्हा चाकांना लाकडाच्या किंवा रबराच्या पाचरी लावलेल्या असतात. त्या काढून विमान हललं इथपासून पलीकडे पुन्हा पाचरी लागेपर्यंत. त्यात गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, पुढची दहा विमानं सुटायची वाट बघणं, उतरताना गर्दी असेल तर आकाशात घिरट्या, उतरून गेटपर्यंत पुन्हा रांगणं. मोठ्या विमानतळावर दोन्ही टोकांचं मिळून चाळीसेक मिनिटं सहज जातात. हवेतला वेळ तो चाकं सुटल्यापासून चाकं टेकेपर्यंतचा.

शिवाय प्रत्येक कंपनी वेळापत्रकात थोडी हवा भरते. कुठल्या महिन्यात वारा कसा असतो याच्या जुन्या नोंदी असतात, त्यावरून असा वेळ छापायचा की बहुतेक दिवस विमान वेळेवर दिसेल. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत आलं तर बऱ्याच ठिकाणी ते वेळेवरच धरतात. म्हणून तुम्हाला कधीकधी एक तास उशिरा निघून वीस मिनिटं उशिरा पोहोचल्याचं कौतुक ऐकू येतं. पायलटने विमान पळवलेलं नसतं, आधीच भरलेली हवा वापरली जाते.

पळवता येत नाही असं नाही, पण फार नाही. त्या उंचीवर उणे ५६ अंश तापमानात ध्वनीचा वेग ताशी १,०६० किमीच्या आसपास. मोठी विमानं त्याच्या ८५ टक्क्यांवर चालतात, छोटी ७८ वर. त्यापुढे ढकललं की इंधन भसाभस जातं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर सगळ्यांनीच वेग थोडा उतरवला आणि तो पुन्हा कधी चढला नाही. पाच मिनिटं वाचवायची की इंधन, हे कागदावर एका आकड्यात ठरवून दिलेलं असतं.

---

निवांत_आजोबा · रविवार, दुपारी ३:४०

वारा आणि घड्याळ झालं, आता माणसांनी घातलेले वळसे सांगतो. हेल्सिंकी–टोकियो. दोरा ताणला तर ७,८०० किमी, जवळजवळ सगळा रशियावरून. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद होतं, तेव्हा युरोपातली विमानं जपानला जाताना आधी अलास्कात अँकरेजला उतरायची. सरांचं आवडतं अँकरेज. तिथे तेल भरायचं, प्रवासी पाय मोकळे करायचे, मग पुढे. १९८३ मध्ये फिनएअरने ध्रुवाकडून वळसा घालून न थांबता टोकियो गाठलं, तेरा तास. पुढे रशियाचं आकाश उघडलं आणि प्रवास नऊ तासांवर आला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ते आकाश युरोपीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं. पुन्हा ध्रुवाकडून, पुन्हा तेरा तास. ध्रुवावरून नेलं की प्रवाशांना प्रमाणपत्र देतात म्हणे. चार तास जास्त बसवल्याचं.

दोन गावं जागची हललेली नाहीत, हे लक्षात घ्या.

---

गोलमटोल · रविवार, दुपारी ४:१२

आजोबा, हे उदाहरण मी वर्गात वापरायला हवं होतं. माझा दोरा परवानगी विचारत नाही, हा त्याचा दोषच म्हणायचा.

---

सदाशंकी · सोमवार, दुपारी १२:३०

मेहुणा पोहोचला. रात्रभर ॲप बघायची जबाबदारी या वेळी माझ्यावर होती, कारण घरात आता मला तज्ज्ञ समजतात. येताना विमान दक्षिणेच्या रस्त्याने आलं, ग्रीनलंडच्या जवळपासही नाही. वेग मध्येच १,०९० दिसला तेव्हा सासूबाई घाबरल्या. मी म्हणालो, "आई, हवाच पळतेय." त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं.

हवेतला वेळ ५ तास ५४ मिनिटं. गेटला लागलं ते ठरल्या वेळेच्या ३८ मिनिटं आधी. मी लगेच फोन केला, म्हटलं, बघ, अंतर कमी पडलं तुला. तर तो म्हणाला, "दाजी, पुढच्या बसचं तिकीट वेळापत्रक बघून काढलंय. ती वेळेवरच सुटणार आहे. बाकावर बसलोय."

---

रातराणी · सोमवार, दुपारी १:०२

बॅगांवर पाय ठेवून का?